याबा कोण म्हणालं?

डोळा लागतोय हे मला कळतंय. मांडीवर पेजेची वाटी आहे, ती कलंडेल, उठून ओट्यावर ठेवायला हवी, हेही कळतंय. पण दुपारचं ऊन पडद्यातून आत घुसलंय, पंखा कटकट करत फिरतोय आणि पलंगावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. हा माणूस माझ्याकडे पाठ करून मरणार आहे आणि मी इथे वाटी धरून बसणार आहे. बसते, दुसरं काय करू?

मघाशी मी त्यांचा जबडा धरला. दातांची डॉक्टर आहे मी, लोकांची तोंडं उघडायला लावणं हाच माझा धंदा. गालाच्या आत अंगठा सरकवला की भलेभले आ करतात. बाबांनी केला नाही. कवळी काढून ठेवलेली, तोंडात नुसत्या हिरड्या, तरी त्या अशा आवळल्या की चमचा ओठावर आपटला आणि ओठ फुटला. रक्त हनुवटीवर आलं. "मरा मग!" मी ओरडले. "मरा, माझं काय जातंय!" आणि मग मलाच रडू कोसळलं. बाबांनी पालथ्या हाताने ओठ पुसला आणि भिंतीकडे वळले.

आता सगळं सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई म्हाताऱ्या बापाला मारते.

माझे बाबा, रिबही खमीस, गाझामधल्या निर्वासितांच्या छावणीत वाढले. औषधांचं शिक्षण घ्यायला पुण्याला आले आणि ते इथे असतानाच सदुसष्टचं युद्ध झालं. युद्धानंतर जिंकलेल्यांनी तिथली माणसं मोजली. जे त्या वेळी घरात नव्हते ते तिथले राहिलेच नाहीत. बाबा इथे अडकले ते अडकलेच. माझ्या आईशी लग्न केलं, फातिमानगरला औषधांचं दुकान टाकलं, आणि आईच्या सासवडच्या माहेरच्यांनी रिबहीचा रवी करून टाकला. रवीभाऊंना वांग्याचं भरीत आवडतं, रवीभाऊंचं मराठी किती गोड. माझं नाव त्यांनी अमल ठेवलं. त्यांच्या भाषेत अमल म्हणजे आशा. मराठीत अमल कशाचा चढतो ते वर्गातल्या कारट्यांनी मला नीट समजावून सांगितलं.

पण घरात ते मला नावाने हाक मारायचेच नाहीत. 'याबा' म्हणायचे. याबा म्हणजे बाबा. मी त्यांना बाबा म्हणायची आणि ते मला याबा. त्यांच्याकडे रीतच आहे तशी, बाप आपल्या लेकराला बाप म्हणतो, आई आई म्हणते. गाझाहून आजीचा फोन आला की ती मला 'सित्ती, सित्ती' करायची, म्हणजे आजी, आजी. शाळेच्या फाटकाशी उभे राहून बाबा "याबा!" अशी हाळी द्यायचे आणि मैत्रिणी खो खो हसायच्या. "तुझे बाबा तुलाच बाबा म्हणतात?" मी घरी येऊन पाय आपटले. आई म्हणाली, "त्यात काय एवढं? आपण नाही का म्हणत, जेव रे बाबा, ऐक गं बाई?" विषय संपला.

गेल्या आठवड्यात इन्साफआत्याच्या घरावर बॉम्ब पडला. आत्या म्हणजे बाबांची एकुलती एक बहीण. ती, तिच्या सुना, नातवंडं, सगळे घरात होते. शेजारच्या कुणीतरी व्हिडिओ पाठवला. मजल्यावर मजला बसलेला, मधे वीतभर फट आणि त्या फटीतून एक पाऊल बाहेर. बाबा तो व्हिडिओ थांबवायचे, जवळ धरायचे, पुन्हा लावायचे. "इन्साफचंच आहे," म्हणाले. "लहानपणी बोट ठेचलं होतं, नख तसंच आहे." मी फोन हिसकावून घेतला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितलं, "हे सगळं माझ्यामुळे झालं. एका शब्दामुळे."

आई गेली, तिला कधी हे सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. अठ्ठेचाळीस साल, बाबांचं गाव विणकरांचं. शिपाई गावात शिरले. बाबांचे वडील, खमीसआजोबा, मागाखाली लपले. मागाखाली खड्डा असतो, विणकर त्यात पाय सोडून बसतो आणि पायट्या दाबतो. शिपायांनी आजीला मारायला सुरुवात केली. तेवढ्यात खोलीत कुणीतरी 'याबा' म्हणालं, शिपाई मागाकडे वळले आणि आजोबांना बाहेर ओढून मारून टाकलं. "मी म्हणालो," बाबा म्हणाले. "दुसरं कोण म्हणणार? बापाला हाक मारली आणि बाप त्यांच्या हातात दिला. मग जमीन गेली, घर गेलं, आम्ही छावणीत आलो. आता इन्साफ." मी म्हटलं, बाबा, अहो, चार वर्षांचं पोर होतात! त्यावर म्हणाले, "चार वर्षांच्या पोराच्या तोंडानेही माणूस मरतो."

तेव्हापासून ते तोंड बंद आहे. अन्न नाही, शब्द नाही. सलाईन लावलं तर सुई उपटून टाकतात. मला याबा म्हटलेलं नाही. म्हणजे आता मी कोणाचीच कोणी नाही.

वाटी कलंडते. मी उठून फडकं आणायला जाते आणि स्वयंपाकघराच्या जागी माझा दवाखाना आहे.

खुर्चीत पेशंट बसलाय. काळा, अंगभर भरतकाम केलेला झगा, पांढरी ओढणी. आमच्या शोकेसमधल्या फोटोतली बाई आहे ही. फिद्दा, माझी आजी, मी कॉलेजात असताना गेली, मी तिला कधी भेटले नाही. तिने पाय खाली सोडलेत आणि खुर्चीखाली फरशी नाही, खड्डा आहे.

"आ करा," मी म्हणते. सवयच तशी.

"माझं काय बघतेस, त्याचं बघ," ती म्हणते. मराठीत. अगदी माझ्या आईच्या सासवडी मराठीत. मला त्याचं नवल वाटत नाही.

"आजी?"

"सित्ती," ती म्हणते.

"आजी, तू गेलेली आहेस."

"मग? गेलेली माणसं मुलाची चौकशी करत नाहीत की काय? ओठ फोडलास त्याचा."

"ते जेवत नाहीत! तोंडच उघडत नाहीत. मी काय करू, सांग ना!" माझा आवाज चढतो. मेलेल्या माणसावर ओरडताना काहीच वाटत नाही.

"त्याचं तोंड मी बंद केलंय," आजी म्हणते. "तुझ्याच्याने कसं उघडेल?"

ड्रिलचा आवाज येतोय. मी तर लावलेलं नाही. मी वर बघते तर आवाज छताच्या वरून येतोय, विमानाचा आहे. भिंतीवरची कपाटं बाबांच्या दुकानातली आहेत, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या ओळीने थरथरतायत. मग त्या फुटायला लागतात. एकेक करून नाही, सगळ्या एकदम. काचा माझ्या केसांत, बाहीत, ओठांवर. मी खाली बसते आणि डोक्यावर हात धरते. हात खाली घेते तेव्हा दुकान नाही. मातीच्या भिंतींची खोली आहे, मधे माग आणि मागावर हिरव्या-लाल पट्ट्यांचं अर्धवट कापड.

"स्वर्ग-नरक म्हणतात या कापडाला," आजी सांगते. "हिरवा स्वर्ग, लाल नरक. लग्नातल्या झग्यांना चालतं." ती म्हातारीच आहे, पण पोट पुढे आलंय. पोटात इन्साफआत्या आहे.

एक पोरगेलासा माणूस आत येतो. कोपरापर्यंत हात निळीने निळे. हे माझे आजोबा आहेत आणि माझ्यापेक्षा कितीतरी लहान आहेत, माझ्या दवाखान्यातल्या कंपाउंडरएवढे. कोपऱ्यात बसलेल्या मुलाच्या डोक्यावर ते निळा हात ठेवतात, मग खड्ड्यात उतरतात आणि गुडघे पोटाशी घेऊन बसतात. आजी वरून सुताच्या लडी टाकते.

"पळून का नाही गेले?" मी विचारते.

"पळाले ते विहिरीपाशी आहेत. बघायचेत?"

मी खिडकीतून बघते. बघायला नको होतं. विहिरीच्या काठावर माणसं एकमेकांवर पडलीत, हात पाठीमागे बांधलेले, आणि सगळ्यात वरचा अजून पाय झाडतोय. एक शिपाई त्याच्यापाशी जातो, वाकतो, काहीतरी करतो. पाय थांबतो. शिपाई हात पुसतो आणि आमच्या दाराकडे बघतो.

"आजी, आले."

"येऊ देत. आरडाओरडा करू नकोस."

दार लाथेने उघडतं. शिपाई आत येतात, सगळ्यांच्या तोंडावर माझ्या दवाखान्यातले निळे मास्क. एकाचं कपाळ उन्हाने सोललंय. तो आजीला विचारतो, "कुठे आहे?" आजी म्हणते, "कोण?" तो बंदूक उलटी धरून तिच्या जबड्यावर मारतो.

तो आवाज मला ठाऊक आहे. दाढ मुळापासून तुटते तेव्हा असाच आवाज येतो. "खालची दाढ गेली," मी मूर्खासारखी मोठ्याने म्हणते. कुणी माझ्याकडे बघत नाही. आजी खाली पडते, उठून बसते, तोंडातून रक्त आणि दात ओंजळीत काढते आणि पुन्हा म्हणते, "नाही." दुसरा शिपाई तिच्या पोटात लाथ मारतो. ती पोट झाकायला वाकते तर तो पाठीत मारतो. सूत ताणायचा लाकडी दांडा कोपऱ्यात आहे, तो मी उचलते. याला मी आज जिवंत सोडत नाही. मी सगळा जोर लावून त्याच्या डोक्यात दांडा घालते आणि दांडा पाण्यातून जावा तसा त्याच्या डोक्यातून जातो. मी पुन्हा घालते. पुन्हा. मी शिव्या देतेय, आईने कधी ऐकल्या नसत्या तसल्या, आणि माझ्या मारण्याने त्याचा केससुद्धा हलत नाही.

"ते राहू दे," जमिनीवरून आजी म्हणते. तिला बोलता येत नाहीये, जबडा एका बाजूला लोंबतोय. "पोराला धर. तो रडणार आहे. माझे हात आता चालत नाहीत."

मी खाली बसते आणि मीच आजी आहे. पोट जड आहे. तोंडात रक्ताची खारट चव आहे, जीभ दाढेच्या जागी जाते आणि तिथे काही नाही. माझ्या मांडीत बाबा आहेत, चार वर्षांचे, डोक्याला निळीचा हात लागलेला. त्यांनी श्वास घेतलाय. छाती फुगलीय. आता ओरडणार, कोणत्याही क्षणी ओरडणार.

मी तळवा त्यांच्या तोंडावर दाबते. जीव खाऊन दाबते. एवढ्या जोराने मी आयुष्यात कधी काही दाबलेलं नाही. नाक तेवढं मोकळं ठेवते. शिपाई मला लाथ मारतो, मी हात काढत नाही. मग तो बंदुकीचा दस्ता पोराच्या हातावर मारतो, पोराच्या, आणि मनगट कट्कन वाजतं. तेव्हा बाबा मला चावतात. दात आत रुतत जातात, हाडाला लागतात. त्यांची सगळी किंकाळी माझ्या तळव्यात शिरते, गरम, आणि बाहेर काहीच पडत नाही. टाचणीएवढाही आवाज नाही. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांत आहेत. मी दाबून धरलंय. मी धरून आहे.

"याबा!"

जाड आवाज. पुरुषाचा. खालून.

सगळे थांबतात. मागावरचं कापड हलतं, लडी बाजूला होतात आणि खमीसआजोबा खड्ड्यातून वर येतात, निळे हात डोक्यावर धरून. ते शिपायांकडे बघतच नाहीत. ते पोराच्या मोडलेल्या हाताकडे बघतायत. "याबा," ते पुन्हा म्हणतात, हळू, आपण झोपेतल्या लेकराला म्हणतो तसं. "रडायचं नाही याबा. हा बघ मी आलो."

त्यांना केसांना धरून ओढतात. पायटीची दोरी पायात अडकते, ते दोरीसकट ओढतात, माग आडवा होतो. उंबऱ्यावर नेतात. गोळी एक नाही, पुष्कळ. चेहरा राहत नाही. कापड त्यांच्या पायाबरोबर फरफटत गेलंय, ते भिजत जातं आणि हिरवा पट्टा दिसेनासा होतो. पोराचे दात अजून माझ्या तळव्यात आहेत.

आणि पुन्हा दवाखाना आहे. आजी खुर्चीत. मी तिचे खांदे धरून गदागदा हलवते.

"आजोबा बोलले! आजी, ते स्वतः बोलले, बाबा नाही!"

"मग? पोराचं तोंड तर मी दाबलेलं होतं. त्याच्या बापाला बघवलं नाही, बस्स."

"मग सांगितलं का नाहीस? जन्मभर ते पोर समजतंय की आपण बापाला मारलं! जन्मभर! अगं, तू आई ना त्याची?"

आता आजीलाही राग आलाय.

"काय सांगू? त्याला ठाऊक नाही असं मला स्वप्नातही वाटलं नाही. हाडापर्यंत चावला तो मला. तोंडात आईचा हात असलेल्या पोराला कळत नाही का, की आपण ओरडलो नाही? त्याने कधी विचारलं नाही. मी म्हटलं, विसरला, बरं झालं, देवाने केलं. माझ्या हाताकडे बोट दाखवून विचारायचा तर काहीतरी थाप मारायची. मग तो तुमच्याकडे आला. फोनवर कशी बोलणार असलं? जेवलास का विचारेपर्यंत लाइन जायची."

"त्यांच्या कानात तो शब्द राहिला," मी म्हणते. "आणि तो शब्द पोराचाही आणि बापाचाही."

"हो गं," आजी म्हणते आणि एकदम म्हातारी होते. "हो गं बाई. हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"मी सांगते त्यांना. पण कसं सांगू? स्वप्नात आजी आली होती म्हणू? ते तोंड उघडायच्या ऐवजी कानपण बंद करून घेतील."

"सांगू नकोस," ती म्हणते. "हात दे इकडे. दाखव." ती माझा उजवा हात दोन्ही हातांत धरते. तिच्या तोंडातून अजून रक्त ठिबकतंय. "दुखेल हं," ती म्हणते आणि मग खरंच दुखतं.

मी ओरडते आणि माझ्याच ओरडण्याने जागी होते.

पंखा. ऊन. पेज फरशीवर सांडलेली. बाबा भिंतीकडे तोंड करून. माझा उजवा हात पेटलाय. मी तळवा उघडते आणि खिडकीशी नेते.

अंगठ्याखालच्या मांसल भागावर दातांच्या दोन कमानी आहेत. ताज्या, लालभडक, दोन ठिकाणी रक्त आलेलं. पहिल्यांदा वाटतं, झोपेत मीच चावून घेतलं असेल. मी स्वतःचे दात त्यावर लावून बघते. माझे दात कमानीच्या पार बाहेर जातात. पलंगाशेजारच्या भांड्यात बाबांची कवळी पाण्यात बुडालेली आहे, हललेली नाही. अहो, हे ओळखण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. बारीक, सरळ, दातादातांत फट असलेले. दुधाचे दात आहेत हे.

मी पलंगापाशी जाते. "बाबा." ते हलत नाहीत. "बाबा, वळा." मी खांद्याला धरून त्यांना वळवते. डोळे उघडे आहेत, पण ते मला बघत नाहीत. मी तळवा त्यांच्या डोळ्यांसमोर धरते.

बाबा हात बघतात. खूप वेळ बघतात. मग त्यांचा हात पांघरुणातून बाहेर येतो, तोच, ज्याचं मनगट लहानपणापासून वाकडं आहे आणि कशाने ते त्यांना कधी आठवत नाही. एक बोट माझ्या तळव्यावरच्या खुणांवरून फिरतं. वरची कमान, खालची कमान.

"यम्मा," ते म्हणतात. यम्मा म्हणजे आई. इतक्या दिवसांत पहिला शब्द. "यम्माच्या हातावर... इथेच. ती म्हणायची, उंदीर चावला."

"उंदीर नाही, बाबा." मी त्यांच्या उशाशी बसते. "तुम्ही चावलात. तिने तुमचं तोंड दाबलं होतं, असं. तुम्हाला ओरडताच आलं नाही. हाक मारली ती आजोबांनी. खड्ड्यातून. तुमचा हात मोडला तेव्हा. तुम्ही त्यांना हाक मारली नाहीत बाबा, त्यांनी तुम्हाला मारली. तुम्ही मला शाळेच्या फाटकातून हाक मारायचात ना, तशी."

बाबा माझा हात सोडत नाहीत. तो ते आपल्या तोंडापाशी नेतात, फुटलेल्या ओठावर ठेवतात आणि हळूहळू ओठ उघडतात. हिरड्या कमानींवर बसतात. दात नाहीत, तरी बसतात. तसेच ते पडून राहतात, माझा तळवा तोंडात धरून, डोळे मिटून. मग हात बाजूला करतात आणि ओरडतात. माझ्या ऐंशीच्या घरातल्या बापाच्या गळ्यातून तो आवाज निघतो, बारीक, लहान पोराचा, संपतच नाही. शेजारच्या काकू दार वाजवतायत. वाजवू देत.

आवाज संपतो. बाबा धापा टाकतायत. त्यांच्या गालांवरून पाणी कानात जातंय. छताकडे बघत ते म्हणतात, "याबा."

मला म्हणाले की आजोबांना, मला कळत नाही.

"ओ," मी म्हणते.